निरोप जसाच्या तसा
अवतरणचिन्हांच्या नियमांशी झगडताना शिकलेल्या नऊ गोष्टी

आमचं ऑफिस नागपुरात सदरला आहे. रेसिडेन्सी रोड, लिबर्टी टॉकीज, मंगळवारी बाजार या सगळ्या गजबजाटातली पहिल्या मजल्यावरची एक खोली. नागपूरकराला 'सदर' म्हटलं की ही वस्ती आठवते. पण सरकारी पत्रात सदर म्हणजे 'वर उल्लेखलेला', जुन्या वाड्यात सदर म्हणजे जिथून कारभार चालायचा ती जागा, आणि मासिकात सदर म्हणजे दर अंकात येणारं लेखन.

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी विदर्भातल्या छोट्या वाचनालयांची सूची करायला घेतली. नाव, पत्ता, फोन, वेळ, संस्थेची थोडी माहिती, एवढंच. पहिल्याच महिन्यात भंडारा जिल्ह्यातलं एक वाचनालय आमच्या यादीत नागपूरच्या सदरमध्ये येऊन बसलं. कारण त्याच्या माहितीत लिहिलं होतं, 'सदर वाचनालय गावाच्या मध्यभागी आहे'. वस्ती ओळखणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमने शब्द बघितला आणि पत्ता ठरवून टाकला.

त्या दिवशी मला अवतरणचिन्हाचं खरं काम कळलं. इथून इथपर्यंतचा मजकूर दुसऱ्याचा आहे, त्याचा अर्थ लावू नका, तो फक्त पोचवा, असं ते सांगतं. आणि त्या मजकुरातच अवतरणचिन्ह आलं तर काय करायचं, याचा जो नियम, त्याला आमच्या धंद्यात एस्केप म्हणतात. माहिती साठवण्याची कोणतीही भाषा घ्या, सीएसव्ही, जेसन, यॅमल किंवा आम्ही घरीच केलेली 'नोंद', तिचा कस या दोन नियमांत लागतो. मी त्यात बऱ्याच चुका केल्या. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतो.

१. आधी मजकूर बघा, मग नियम करा

सुरुवातीला आम्ही सीएसव्ही घेतलं. एका ओळीत एक नोंद, रकान्यांमध्ये स्वल्पविराम. सोपं वाटलं. पण आपल्याकडचा पत्ता म्हणजे स्वल्पविरामांची माळ असते. 'प्लॉट क्र. १४, दुसरा मजला, बाजार चौकाजवळ, सदर, नागपूर ४४०००१'. एका पत्त्याचे पाच रकाने झाले आणि फोन नंबर भलत्याच रकान्यात सरकला.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. मजकुरात स्वल्पविराम, अवतरणचिन्ह किंवा नवी ओळ असेल तर तो दुहेरी अवतरणात ठेवायचा, आणि आत दुहेरी अवतरण आलंच तर ते दोनदा लिहायचं. हा नियम २००५ मध्ये आरएफसी ४१८० या दस्तऐवजात लिहून ठेवला गेला. त्याआधी कित्येक वर्षं लोक सीएसव्ही वापरतच होते, पण ज्याची त्याची रीत वेगळी. ते वेगवेगळे वाण आजही सापडतात.

त्यानंतर आम्ही एक काम केलं, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. हातात असलेल्या सगळ्या नोंदींत कोणतं चिन्ह किती वेळा येतं ते मोजलं. स्वल्पविराम सगळीकडे. कंस खूप. एकेरी अवतरण पुस्तकांच्या नावांभोवती आणि डि'सूझासारख्या आडनावांत. सदरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत अशी आडनावं नवीन नाहीत. मजकुरात जे चिन्ह रोज येतं तेच सीमारेषा म्हणून निवडलं, की पुढे आयुष्यभर एस्केप करत बसावं लागतं.

२. लिहिणाऱ्याच्या कळफलकावर काय आहे ते विचारा

मग आम्ही जेसनकडे वळलो. नियम मोजके आणि काटेकोर: मजकूर फक्त दुहेरी अवतरणात, आत अवतरण आलं तर त्याआधी बॅकस्लॅश. डग्लस क्रॉकफर्डने २००१ च्या सुमारास ते पुढे आणलं आणि आज जगभरची यंत्रं त्यातच बोलतात. आम्ही वाचनालयांना नमुन्याची फाईल पाठवली आणि सांगितलं, यात भरून द्या.

दोन आठवड्यांत एकही फाईल धड आली नाही. कारण शोधायला मी एका वाचनालयात जाऊन टाइप करणाऱ्या ताईंच्या शेजारी बसलो. त्या इनस्क्रिप्ट मांडणी वापरत होत्या. इनस्क्रिप्टमध्ये ज्या कळीवर इंग्रजीत दुहेरी अवतरण आहे, तिथे 'ठ' आहे. महिरपी कंसाच्या जागी 'ढ', चौकटी कंसाच्या जागी 'ड', कोलनच्या जागी 'छ'. आणि बॅकस्लॅशच्या कळीवर 'ऑफिस'मधल्या ऑची मात्रा आहे. जेसनला लागणाऱ्या खुणांपैकी स्वल्पविराम सोडला तर बाकी सगळ्यांच्या जागी मराठी अक्षरं बसलेली. प्रत्येक चिन्हासाठी त्या बाई कळफलक इंग्रजीत नेत होत्या, चिन्ह टाकत होत्या, परत मराठीत येत होत्या. एका नोंदीत पन्नासेक वेळा.

कळफलकात दोष नाही, मराठी लिहिण्यासाठी तो उत्तम आहे. चुकलो आम्ही. ज्याने इंग्रजीत प्रोग्रॅम लिहायचा त्याच्या सोयीची चिन्हं मराठी लिहिणाऱ्याच्या माथी मारली. नियम करणाऱ्याने एकदा तरी त्या खुर्चीत बसून दहा नोंदी स्वतः टाइप कराव्यात.

३. आपल्या लिपीतली जुळी चिन्हं ओळखा

तिसऱ्या प्रयत्नात अवतरणं काढून टाकली. ओळीच्या सुरुवातीला रकान्याचं नाव, मग कोलन, मग मजकूर. सगळ्यांना जमलं. आणि मग एका सकाळी एका वाचनालयातल्या ताईंचा फोन आला.

"सर, आमची स्वतःची इमारत हाय नं. मंग तुमच्या यादीत 'संस्थेची स्वत' एवढंच काहून दिसते? पुढचं कुठी गेलं?"

फाईल उघडली. त्यांनी लिहिलं होतं, 'माहिती: संस्थेची स्वत: ची इमारत आहे.' विसर्गाच्या जागी कोलन. मराठीत ही सवय किती खोल आहे हे आपण सगळेच जाणतो. 'दु:ख', 'अंत:करण', 'स्वत:' असं छापील मजकुरातही सर्रास दिसतं. उलट काही जण कोलनच्या जागी विसर्ग देतात, कारण इनस्क्रिप्टमध्ये कोलन चटकन सापडत नाही आणि विसर्ग हाताशी असतो. फाईल वाचणारा आमचा प्रोग्रॅम मात्र दिसेल त्या कोलनवर ओळ तोडत होता.

यॅमलमध्ये कोलनपुढे मोकळी जागा असेल तरच त्याला सीमा मानतात. त्यामुळे 'दु:ख' वाचतं. पण 'स्वत: ची' असं तोडून लिहिलेलं वाचत नाही, तिथे यॅमल ओळ नाकारतं. आम्ही शेवटी ठरवलं की ओळीतला फक्त पहिला कोलन सीमा, तोही आम्हाला माहीत असलेल्या रकान्याच्या नावानंतरच. त्यापुढे ओळ संपेपर्यंत जे काही येईल ते लिहिणाऱ्याचं, त्याला हात लावायचा नाही. रकान्याच्या नावापुढे कुणी विसर्ग दिला तरी चालवून घ्यायचं, पण फाईल जतन करताना आपण कायम कोलनच लिहायचा. घेताना थोडं सैल, देताना एकच रीत.

४. न विचारता अर्थ लावू नका

आमची फाईल घेऊन एका मित्राने ती यॅमल म्हणून उघडली आणि मला विचारलं, नागपूरचा एसटीडी कोड ४५८ कधी झाला?

कोड आम्ही वेगळ्या रकान्यात ठेवला होता, इंग्रजी आकड्यांत, ०७१२. यॅमलच्या १.१ आवृत्तीत शून्याने सुरू होणारा आकडा आठच्या पायावरचा मानतात. सात गुणिले चौसष्ट, अधिक एक गुणिले आठ, अधिक दोन. झाले ४५८. अमरावतीचा ०७२१ झाला ४६५, अकोल्याचा ०७२४ झाला ४६८. भंडाऱ्याचा ०७१८४ आणि गोंदियाचा ०७१८२ मात्र शाबूत राहिले, कारण आठच्या पायात ८ हा अंकच नसतो. म्हणून तो मजकूर समजला गेला. वेळेचंही तसंच. १०:३० ला उघडणारं वाचनालय ६३० ला उघडू लागलं, कारण तो साठच्या पायावरचा आकडा धरला. ०९:३० ला उघडणारं मात्र ठीक.

सगळंच बिघडलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. निम्मं बरोबर आणि निम्मं चूक, हे पकडायला महिना जातो. २००९ च्या १.२ आवृत्तीत यॅमलने हे नियम सुधारले, पण जुन्या रीतीने वाचणारे प्रोग्रॅम अजून वापरात आहेत. एक्सेलही सुरुवातीचं शून्य मुकाट्याने खाऊन टाकतं.

अवतरण नसलेला मजकूर म्हणजे अंदाज बांधायची मोकळीक, असं या भाषांनी मानलं. आम्ही उलट ठरवलं: 'नोंद'मध्ये सगळं मजकूरच. आकडा आहे की तारीख, हे वापरणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर ठरवावं.

५. एस्केप एकदाच, आणि तेही दारात

पहिली सूची छापली तेव्हा एका देणगीदाराच्या आडनावात अवतरणचिन्हाच्या आधी बॅकस्लॅश छापला गेला. त्या गृहस्थांना मी स्वतः भेटून माफी मागितली. माणसाच्या नावात आपली चूक मिरवावी, याहून वाईट काय असणार?

कारण असं की मजकूर फाईलमध्ये लिहिताना एकाने एस्केप केला, पुढे डेटाबेसात टाकताना दुसऱ्याने पुन्हा केला, आणि बाहेर काढताना तो एकदाच सोडवला गेला. बॅकस्लॅशची रीत थरांमध्ये फार वाईट फुगते. एका अवतरणाला पहिल्या थरात एक बॅकस्लॅश लागतो. तोच मजकूर दुसऱ्या जेसनच्या पोटात घातला की तीन, आणखी एका पोटात घातला की सात. सात काड्या ओळीने उभ्या दिसल्या की त्यातली कुठली खरी आणि कुठली संरक्षक, हे सांगणं अनुभवी माणसालाही जड जातं. सीएसव्हीची दुप्पट करण्याची रीत डोळ्याला जरा बरी, पण थर चढले की तीही फुगतेच.

तेव्हापासून आमचा नियम असा: प्रोग्रॅमच्या आत मजकूर नेहमी साधा असेल. दारातून बाहेर पडताना त्या दाराच्या नियमाने एकदा बांधायचा, आत येताना एकदा सोडायचा. मधल्या खोल्यांत कुणी बांधाबांध करायची नाही.

६. लांबी मोजून पाठवणं यंत्राला सोपं, माणसाला अवघड

एस्केप पूर्ण टाळायचा एक सुंदर मार्ग आहे. मजकुराआधी त्याची लांबी लिहा आणि मग मजकूर जसाच्या तसा ठेवा. वाचणाऱ्याने तेवढा मोजून घ्यायचा, आत काय आहे ते बघायचंच नाही. डी. जे. बर्नस्टाइन यांनी १९९७ मध्ये नेटस्ट्रिंग म्हणून ही रीत मांडली. मी तिच्या प्रेमात पडलो होतो.

मग फळ्यावर 'नागपूर' लिहून तिघांनी त्याची लांबी सांगितली. एक म्हणाला चार. ना, ग, पू, र. दुसरा म्हणाला सहा, कारण काना आणि ऊकार यांना युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान आहे. तिसरा म्हणाला अठरा, कारण यूटीएफ-८ मध्ये त्या प्रत्येकाला तीन बाइट लागतात. तिघंही बरोबर. नेटस्ट्रिंगला हवे ते अठरा. पण वाचनालयातल्या ताईंनी ते कसे मोजायचे? आणि नंतर एक वेलांटी सुधारली तर आकडा कोण बदलणार?

दोन यंत्रं आपसात बोलत असतील तर आजही मी हीच रीत निवडेन. माणूस हाताने लिहिणार असेल तर नाही.

७. जे दिसत नाही ते पुसू नका

एस्केपचे नियम करताना सगळ्यांना 'साफसफाई' करण्याचा मोह होतो. आम्हीही एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, जो न दिसणारी चिन्हं काढून टाकायचा. फाईल स्वच्छ, मन प्रसन्न.

मेळघाटातल्या एका नोंदीत होतं, 'आसपासच्या दऱ्याखोऱ्यांतून वाचक येतात'. साफसफाईनंतर झालं 'दर्याखोर्यांतून'. सातपुड्याच्या दऱ्यांचा दर्या झाला. आपला हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, 'ऱ' हे अक्षर आणि हलन्त. दुसरी जुनी रीत, साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे जोडणीचं एक न दिसणारं चिन्ह. ते चिन्ह काढलं की उरतो रफार. आचाऱ्यास जेवायला घालायचं की आचार्यास, हा फरक शाळेत आपण सगळेच शिकलो. इथे तो फरक एका अदृश्य चिन्हावर उभा होता.

न दिसणाऱ्या चिन्हाची भीती वाटत असेल तर ते दिसेल असं लिहायची सोय द्या. संपादकाला ते रंगवून दाखवा. काढून टाकण्याचा अधिकार नियम करणाऱ्याला नाही. जो मजकूर आपला नाही, त्याचं शुद्धलेखनही आपण परस्पर करायचं नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे गरज नसताना बांधून ठेवणं. पायथन भाषेत जेसन लिहिलं की ते आपणहून सगळी मराठी अक्षरं आकड्यांच्या संकेतांत बदलतं, प्रत्येकाला सहा खुणा. 'नागपूर' छत्तीस खुणांचं होतं आणि फाईल उघडून डोळ्याने तपासणं अशक्य. त्यातही एक कोपरा आहे. हा संकेत चार आकडी आहे आणि मोडी लिपी, जिला २०१४ मध्ये युनिकोडच्या ७.० आवृत्तीत स्थान मिळालं, ती त्या चार आकड्यांच्या पलीकडे राहते. मोडीतल्या एका 'अ'साठी दोन संकेतांची जोडी, म्हणजे बारा खुणा. जोडी मध्येच तुटली तर दोन्ही अर्धे निरर्थक. जावास्क्रिप्टने २०१५ मध्ये संकेत महिरपी कंसात लिहायची सोय केली, त्यामुळे आकडे कितीही असले तरी चालतात. एस्केपचा नियम करताना आज जी लिपी यादीत नाही, तिलाही उद्या जागा लागेल हे धरून चालावं.

८. उघडण्यापेक्षा बंद करणं महत्त्वाचं

मोडी कागद बघितले असतील तर आठवेल, ओळीखाली ओळ सलग चाललेली, विरामचिन्हं नाहीत. तरी कोण काय बोललं हे वाचणाऱ्याला कळायचं, कारण मराठी बोलणं शब्दांनी बंद करते. 'मी उद्या येतो असं तो म्हणाला.' सुरुवातीला खूण नाही, शेवटी 'असं' आहे. संस्कृतात 'इति' आहे. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामात असलेल्या मेजर थॉमस कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी वळणाची विरामचिन्हं मराठीत रुजवली, तेव्हा उघडणारं आणि बंद करणारं अशी जोडी आपल्याकडे आली.

जोडी आली की विसरणंही आलं. मोबाइलवर लिहिताना उघडणारं अवतरण वळणदार येतं आणि बंद करणारं सरळ. यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी चिन्हं, म्हणून पहिलं कधी बंदच होत नाही. मग उरलेली सगळी फाईल त्या एका अवतरणाच्या पोटात जाते आणि चूक दाखवली जाते ती शेवटच्या ओळीवर. ताई बिचाऱ्या शेवटची ओळ दहा वेळा तपासतात, तिथे काहीच चुकलेलं नसतं.

म्हणून सीमा अशी निवडावी की ती विसरताच येणार नाही. आमच्याकडे ओळ संपली की मजकूर संपला. लांब मजकूर हवा असेल तर खालची प्रत्येक ओळ चार मोकळ्या जागा सोडून सुरू करायची. नेमक्या चारच आम्ही काढतो, पाचवी असेल तर ती कवितेची म्हणून ठेवतो. यात अवतरण नाही, एस्केप नाही, बंद करायचंही काही नाही. आणि जिथे चूक होईल तिथलाच ओळ क्रमांक सांगायचा, सरळ मराठीत: 'सतराव्या ओळीत रकान्याचं नाव ओळखता आलं नाही.'

९. फेरी पूर्ण करून बघा

शेवटी एकच कसोटी. मजकूर लिहा, जतन करा, पुन्हा वाचा, आणि दोन्ही अक्षराला अक्षर लावून बघा. तीळभर फरक पडला तर नियम चुकला.

त्यासाठी आम्ही एक फाईल ठेवली आहे. तिला ऑफिसात 'वाकडी फाईल' म्हणतात. आजवर ज्याने आम्हाला फसवलं ते सगळं तिच्यात आहे: चार स्वल्पविरामांचा पत्ता, अवतरणाचं आडनाव, ०७१२ आणि ०७१८४, १०:३० आणि ०९:३०, दोन्ही प्रकारे लिहिलेल्या दऱ्या, मोडीतला 'अ', पाच जागा सोडून सुरू होणारी ओळ. सगळ्यात वर आहे 'सदर वाचनालय गावाच्या मध्यभागी आहे'. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की आधी ही फाईल फिरवायची. नवीन मुलगा कामाला आला की त्यालाही पहिल्या दिवशी हीच फाईल वाचायला देतो, आणि प्रत्येक ओळीमागची गोष्ट सांगतो.

नवी सूची तयार झाली तेव्हा मी त्या 'स्वत:'वाल्या ताईंना फोन केला. त्यांच्या नोंदीत मी एक अक्षरही बदललं नव्हतं, तो कोलनसुद्धा तसाच ठेवला होता. म्हटलं, ताई, जरा तुमची माहिती उघडून वाचून दाखवा. त्यांनी चष्मा शोधला, पान उघडलं आणि सावकाश वाचलं, "संस्थेची स्वतःची इमारत आहे." मग क्षणभर थांबून म्हणाल्या, "हो सर, आता पूर्ण आलं."